दुलईतली टाकी

माझं आडनाव न विचारता मला खोली देणारा हिंगणघाटातला पहिला माणूस म्हणजे आमचे घरमालक. त्याआधी मी तीन घरं पाहून आले होते. तिन्ही ठिकाणी आधी चहा आला, मग आडनावाची चौकशी झाली, आणि मग खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली निघाली. चौथ्या घराच्या ओसरीवर मी आडनाव ओठांवर तयार ठेवूनच बसले होते. म्हटलं, विचारा एकदाचं आणि मोकळं करा. समोरच्या माणसाच्या हातात पोळ्यांचं लाटणं होतं. ते त्यांनी मांडीवर आडवं ठेवलं, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"मॅडम, आंघोळ किती वाजता करता?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, बी.एस्सी. बी.एड. होते, समुद्रपूरकडच्या आमच्या गावातली पहिली पदवीधर मुलगी होते, आणि हे सगळं माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. असली मुलगी खरं उत्तर देईल कशाला? खरं उत्तर होतं सात वाजता, तेही आईनं पांघरूण ओढून नेल्यावर. मी मान ताठ करून म्हणाले, "पाच."

त्यांचा चेहरा उजळला. आत तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, "अवो, आयकलं का? पह्यली पाळी भेटली."

खोली मला मिळाली. पहाटे पाचचं गरम पाणीही मिळालं, पुढची चव्वेचाळीस वर्षं. एका खोट्याला एवढी लांब शिक्षा मी वर्गात कधी कोणाला केली नाही.

हे गृहस्थ मिलमध्ये बॉयलरवर होते. शिक्षण चौथी. गल्ली त्यांना टाकीवाले काका म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. टाकी गच्चीवर होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेली होती. जाड पत्र्याचं गोल पिंप, पोटात विजेची कॉईल, वरून गार पाणी आत येई आणि तापलेलं पाणी दोन नळांनी उतरे, एक वरच्या मजल्यावर माझ्या न्हाणीत, दुसरा खाली त्यांच्या. आत आलेलं पाणी मागे फिरू नये म्हणून गार पाण्याच्या नळाला एक झडप. अशा वस्तू दुकानात मिळतात हे त्यांना ठाऊक होतं, पण दुकानातल्या टाकीचा पत्रा बोटानं वाजवून पाहिल्यावर त्यांनी तोंड असं केलं होतं म्हणे, की दुकानदारानंच ती परत उचलून ठेवली.

टाकीला दुलई होती. खरीखुरी, लाल कापडाची, नाडीनं बांधलेली. ऊब धरून राहावी म्हणून. नवा कापूस बाजारात आला की पिंजारी घरी बोलावला जायचा आणि पहिली पिंजण टाकीच्या दुलईची व्हायची. घरातल्या माणसांच्या रजया नंतर, कापूस उरला तर. माझ्या रजईतला कापूस चार कोपऱ्यांत जाऊन बसला होता आणि मधे नुसतं कापड होतं, टाकी मात्र थंडीभर गुबगुबीत. काकू म्हणायच्या, पुढचा जन्म मिळालाच तर ह्यांची टाकी म्हणून मिळो.

आणि ते लाटणं. मिलमध्ये बॉयलरच्या पोटात काय चाललंय ते कानाला सळई लावून ऐकायची सवय त्यांना लागली होती. घरी सळईऐवजी लाटणं. एक टोक टाकीला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. दिवसातून तीनदा तरी. इकडे काकूंची कणीक भिजलेली असायची आणि लाटणं ड्युटीवर. मग काकू ज्वारीचं पीठ काढून भाकरी थापायला बसत. त्यांच्या घरी कधी पोळी आणि कधी भाकर, हे टाकीच्या तब्येतीवर ठरे.

जिन्याच्या भिंतीवर खडूनं पाळ्या लिहिलेल्या होत्या. पाच, मॅडम. साडेपाच, काकू. सहा, मुलगी. स्वतःचं नाव कुठेच नाही, कारण काका जन्मभर गार पाण्यानं आंघोळ करत आले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मले कायले पाह्यजे? मी तर दिवसभर तिच्याजवळच असतो."

माझं लग्न ठरलं तेव्हा होणारा नवरा मला भेटायला आला. काकांनी त्यालाही तोच प्रश्न केला. तो बिचारा सरळ मनाचा, म्हणाला, आठ वाजता. भिंतीवर त्याचं नाव आठसमोर लागलं आणि तो माणूस पुढे वारेपर्यंत रोज सुखानं झोपला. मी एवढी शिकलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं.

पण मीही काही अगदीच पराभव पत्करला नव्हता. पाचला उठायचं, न्हाणीचा दिवा लावायचा, रिकाम्या बादलीवर तांब्या दोन-चारदा वाजवायचा, नळ क्षणभर सोडून बंद करायचा, मोठ्यानं खोकायचं आणि परत येऊन झोपायचं. सातला उठून खरी आंघोळ. गंमत अशी की सातलाही नळाला कढत पाणी यायचं. मी ह्यावर शास्त्रीय विचार केला आणि शोध लावला की ही दुलईची करामत. मग तो शोध मी वर्गात शिकवायला घेतला. कापूस हा उष्णतेचा दुर्वाहक आहे, मुलींनो, मी स्वतः पाहिलेलं उदाहरण सांगते, दोन तास पाणी जराही निवत नाही. वर्षानुवर्षं सांगितलं. काकांची मुलगीही त्या वर्गात होती आणि तिनं ते वहीत उतरून घेतलं होतं.

आता बुचाची गोष्ट. ही सांगायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि चाळीसच्या वर वर्षं सांगितलीही नाही.

टाकीच्या डोक्यातून एक बारीक नळी निघून माझ्या खिडकीबाहेर वाकलेली होती. टाकी तापली की तिच्यातून थेंब थेंब पाणी खाली ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात पडे. टण. टण. टण. पहिल्याच वर्षीची गोष्ट, रविवार सकाळ. मी सातवीचे पेपर तपासत होते आणि प्रश्न होता, उष्णता दिल्यास द्रव पदार्थ प्रसरण पावतात हे उदाहरण देऊन स्पष्ट करा. मुलींनी लिहिलं होतं चुकीचं आणि मी लाल पेनानं रागावत होते, आणि बाहेर टण, टण. शेवटी मी उठले. पिशवीत शाळेच्या प्रयोगशाळेतली रबरी बुचं होती, मोजायला घरी आणलेली आणि नंबर टाकून झालेली. त्यातलं एक त्या नळीत घट्ट बसवलं. निसटू नये म्हणून वरून तार आवळली. पाणी वाया जातं ते वाचलं, असंही मनात म्हटलं. मग शांतपणे बसून एका मुलीला, तिनं उदाहरण दिलं नाही म्हणून, शून्य दिलं.

काका खाली आरशासमोर दाढी करत होते. जिना धडधडला म्हणून मी बाहेर आले तर ते गच्चीवर उभे, अर्ध्या गालाला साबण, हातात लाटणं.

"नळी काऊन बोलून नाई राह्यली?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की मी बंदोबस्त केला आहे.

आधी त्यांनी टाकीचं बटण बंद केलं. मग मला दंडाला धरून जिन्याच्या भिंतीआड उभं केलं, जसं वर्गाबाहेर उभं करतात तसं. दोन्ही न्हाण्यांचे नळ सोडून आले. वाफ आणि पाणी फुत्कारत बाहेर पडलं ते मला भिंतीआडून ऐकू आलं, आणि तेव्हा कुठे माझी बी.एस्सी. जागी झाली. बंद भांडं, तापतं पाणी, मागे फिरायला झडप आड. मी खाली बसले. बऱ्याच वेळानं काका पकड घेऊन पुढे झाले, तार तोडली, बाजूला सरकले आणि बुचाच्या कडेला लाटण्याचा एक टोला दिला. फाट् असा आवाज झाला आणि बूच उडून थेट समोरच्या घराच्या टिनाच्या छपरावर.

खालून काकूंनी विचारलं, काय झालं वो?

"काई नाई," काका म्हणाले. "मांजर होती."

मग माझ्याजवळ येऊन, साबण वाळून गेलेल्या तोंडानं, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तापली म्हणजे तिले थोडं थोडं बोलू द्याव लागते. तोंड बांधलं का मंग ते भिंतीतून बोलते."

एवढंच. ना रागावणं, ना उपदेश. संध्याकाळी ते शिडी लावून समोरच्या टिनावर चढलेले मला दिसले. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, पतंग शोधून राह्यलो. पुढे बुचाचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि शाळेत एक बूच हरवल्याची नोंद मीच केली.

वर्षं गेली. मिल सुटली, पण पाळ्या सुटल्या नाहीत. वरचा मजला आम्ही पुढे विकत घेतला, तरी भिंतीवर मी पाचसमोरच राहिले. आमच्या पौर्णिमेच्या खिरीचा पहिला डबा खाली जायचा, त्यांच्या गणपतीचा प्रसाद वर यायचा, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, गच्चीवर, ती दुलईतली टाकी. तिचा तळ तीनदा बदलला, कॉईल किती वेळा बदलली ते आठवत नाही. काका प्रत्येक वेळी म्हणत, टाकी तीच हाय.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. काकू गेल्यावर ती दर वर्षी न्यायला यायची. अकराव्या मजल्यावर घर, वेगळी खोली, गरम पाणी बाराही महिने नळाला. काका सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "टाकी कोण पाहीन? टाकी हाय तोवर मी इथंच." मग ती एकटीच परत जाई. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे तिला लहानपणापासून माहीत. मीही हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकू येणंच बंद झालं होतं.

आणि तिथेच मी दुसऱ्यांदा बूच लावलं.

झालं असं, की गेल्या थंडीत माझे गुडघे फारच कुरकुरायला लागले. पहाटे पाचचं नाटक आता जमेना. सुट्टीत आलेल्या नातीनं मोबाईलवर गॅसचा गिझर दाखवला. हातभर उंचीचा चपटा डबा, पोटात टाकी नाहीच. नळ सोडला की ज्योत आपोआप पेटते आणि पाणी जाता जाता तापतं. कधीही सोडा, पाळी नाही, खडू नाही. मी नातीला म्हटलं, मागव. त्याच आठवड्यात टाकीच्या तळातून पाणी झिरपायला लागलं होतं, तेव्हा मला वाटलं, मुहूर्तच साधला. वेल्डिंगवाल्यानं तळ पाहिला आणि हात झटकले. पत्रा आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं असा खाल्ला होता की डाग द्यायला गेलं तर नवं भोक पडेल. काकांनी स्वतः अंगठ्यानं दाबून पाहिलं. पत्रा आत गेला. त्यांनी नाडी सोडली आणि दुलई काढून घडी घातली.

त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, मॅडम, फार चांगलं केलंत, दोन्ही मजल्यांना गॅसचा बसवून टाका, मी येतेच बाबांना घ्यायला. आता तर टाकी नाही.

फोन ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. आधी करायचं आणि नंतर विचार करायचा. चोवीसव्या वर्षापासून अडुसष्टाव्यापर्यंत माझी एवढीच प्रगती.

गिझर बसवायला मिस्त्री आला तेव्हा काका खुर्ची घेऊन वर आले. मिस्त्री चाळिशीतला, बोलका माणूस. तो म्हणाला, न्हाणीतच लावतो, नळ जवळ पडते, छान दिसीन. मलाही न्हाणीतच हवा होता, गॅलरीत कसा बरा दिसेल? काकांनी खिशातून दोरा काढला, दुलईतला चिमूटभर कापूस त्याच्या टोकाला बांधला, न्हाणीच्या छताच्या खिळ्याला लटकवला आणि दार लावून आत स्टुलावर बसले. अर्धा तास. मिस्त्री आणि मी बाहेर चहा घेत होतो. मिस्त्रीनं खुणेनं विचारलं, म्हातारबुवांचं डोकं ठीक आहे ना? आणि मी, कृतघ्न बाई, खांदे उडवले.

दार उघडून काका म्हणाले, "कापूस हालला नाई. जिथं कापूस हालत नाई तिथं आग ठेवाची नाई."

मिस्त्री म्हणाला, बाबा, गावात पन्नास ठिकाणी असेच लावले.

"मंग पन्नास ठिकाणी जाऊन कापूस बांधून येजो."

मला तेव्हा आठवलं की बंद खोलीत ज्योत जळाली की कोणता वायू होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो, हे सगळं मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. फळ्यावर माझं अक्षर फार सुंदर होतं. मी मिस्त्रीला म्हटलं, गॅलरीत लाव, आणि पन्नास ठिकाणीही जा. गॅलरीत कापूस अर्ध्या मिनिटात नाचायला लागला. वरचा नि खालचा, दोन्ही गिझर बाहेर लागले. मिस्त्री जाताना काकांच्या पाया पडला आणि थोडा कापूस मागून घेऊन गेला.

तो गेल्यावर काकांनी लाटणं आणलं. गिझरच्या पत्र्याला टेकवून कान लावला, बराच वेळ. मग लाटणं खाली घेतलं. "याच्या पोटात काईच नाई मॅडम. पाणी येते, तापते, चाललं जाते. ठरतच नाई."

मग ते खाली गेले आणि मिलमधल्या पत्र्याच्या पेटीत सदरे घालू लागले. मुलगी यायला अजून दोन दिवस होते. मी जिन्यात उभी राहून पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, दिलेला शब्द पाळायचा म्हणून पेटी भरत होता. जायची इच्छा आहे का असं मी विचारलं तर म्हणाले, "इच्छेचं काय? मी टाकी हाय तोवर म्हणलं होतं."

मुलगी आली. सकाळी तिघं खालच्या ओसरीवर बसलो. मी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्या, तळून नेल्या होत्या. ती आनंदात होती, आणि का नसावी, वडिलांना न्यायला आलेली लेक ती. घराचं काय करायचं त्याची बोलणी झाली. मग ती सहज म्हणाली, "गिझरची मला काळजी नाही. वर मॅडम आहेत. सायन्सच्या मॅडम, त्यांच्याइतकं कोणाला कळतं?"

आणि मला दिसलं, दार कुठे उघडं आहे ते. फक्त त्यातून जायचं तर माझी चव्वेचाळीस वर्षांची अब्रू बाहेर काढून ठेवावी लागणार होती, तीही माझ्याच विद्यार्थिनीसमोर. मी अर्धी सांबारवडी ताटात ठेवली.

"तुझे बाबा गेले तर तो गिझर मी उद्याच काढून टाकणार," मी म्हटलं. "माझ्या एकटीच्या हाती आग आणि पाणी देऊन जाऊ नका. मी एकदा हे घर उडवायला निघाले होते."

आणि सगळं सांगितलं. पेपर, प्रश्न, शून्य, बूच, तार. काकांनी मधे दोनदा मान हलवून मला थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबले नाही. झालं ते सांगितल्यावर मुलगी हसली, पण माझ्यावर विश्वास ठेवणारं ते हसणं नव्हतं. "मॅडम, बाबांना ठेवून घ्यायला तुम्ही काहीही रचाल. प्रसरण तुम्हीच तर शिकवलं आम्हाला."

काका उठले. पावलं न वाजवता आत गेले. पेटीची कडी वाजली, सदरे उपसल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात तंबाखूची जुनी डबी होती. ती त्यांनी मुलीच्या मांडीवर ठेवली. तिनं उघडली. आत एक रबरी बूच, काळं, तडकलेलं, आणि त्याच्या माथ्यावर निळ्या शाईत माझ्या हातचा नंबर, सात. माझा सात तिनं शाळेत असताना वह्यांवर पाहिलेला. मधे आडवी रेघ मारायची माझी सवय.

"कोणाले सांगतलं नाई आजवर," काका म्हणाले. "तुह्या मायलेबी नाई. पण खरं हाय ते." मग माझ्याकडे बोट केलं. "या बाईपाशी आग ठेवून मी पुण्याले जाऊ?"

मुलीनं बूच उलटंपालटं करून पाहिलं. मग तिला हसू फुटलं ते थांबेचना, खुर्चीवरून घसरेल अशी हसली, आणि हसता हसता मधेच पदरानं डोळे पुसले. ती लहानपणची आमच्या वर्गातली, फसवायला कठीण. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं टाकी आहे तोवर म्हणत होतात. आता काय म्हणणार?"

काकांनी विचार केला. शब्द म्हणजे शब्द, तेव्हा उगाच देता येत नाही.

"आता मॅडम हाय तोवर," ते म्हणाले.

दिवाळीत पंधरा दिवस पुण्याला यायचं, ह्या अटीवर तह झाला. जाताना ती माझ्या पाया पडली आणि कानात म्हणाली, मॅडम, त्या वर्षी प्रसरणाला शून्य कोणाला दिलं होतंत, ते शोधून काढा बरं.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा उजळ माथ्यानं सात वाजता उठले. नळ सोडला, ज्योत भप्पकन पेटली, पोटभर आंघोळ केली. खाली उतरले तर काका ओसरीवर.

"आज खऱ्या टायमाले झाली तुमची आंघोळ," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"दुसऱ्या आठवड्यापासून. पाच वाजता तांब्याचा आवाज ये, पाण्याचा नाई. मंग मी साडेसहाले परत बटण लावत जाऊ."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणजे दुलई नव्हे. दोन तास उष्णता धरून ठेवणारा तो कापूस नव्हे. कितीतरी वर्षांच्या मुलींना मी शिकवलेलं ते उदाहरण म्हणजे हा माणूस होता, साडेसहाला बटण दाबणारा. म्हटलं, मग सांगितलं का नाही?

"तुम्ही पाच म्हणलं होतं नं. माणसाचा शब्द मोडू नाई."

त्या दुलईचा कापूस त्यांनी पिंजाऱ्याकडून परत पिंजून घेतला आणि माझ्या गुडघ्यांखाली ठेवायला दोन उशा करून वर पाठवल्या. चिमूटभर कापूस गॅलरीत गिझरजवळ दोऱ्याला अजून लटकतो. काका रोज सकाळी येऊन तो हलतो का पाहतात, गच्चीवरच्या गार पाण्याच्या साठ्याचा अंदाज घेतात, कारण पाणी कमी झालं की ज्योत धरत नाही, आणि मग जिन्याच्या भिंतीवर खडूनं एक रेघ ओढतात. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. उरलेल्या दिवसाचं काय, हा प्रश्न मला पडला.

त्या गिझरमध्ये ज्योत पेटवायला दोन जाडे सेल असतात. महिन्यातून एकदा मी ते काढते आणि उलटे बसवते. मग गॅलरीतून खाली हाक मारते, काका, पेटून नाई राह्यलं वो. ते लाटणं घेऊन वर येतात. पत्रा ठोकतात, नळी तपासतात, कान लावतात, मला बाजूला उभं करतात. तासभर छान जातो. मग सेल सरळ होतात, ज्योत पेटते, मी चहा टाकते.

गेल्या खेपेस चहा संपवून ते जायला उठले, जिन्यात दोन पायऱ्या उतरले आणि मागे वळले.

"मॅडम, भुलून टाकणारा माणूस एकच सेल उल्टा टाकते. दोन्ही उल्टे म्हणजे जाणूनबुजून टाकले, असं दिसते."

एवढं बोलून ते लाटणं काखेत धरून हळूहळू खाली गेले. ह्या महिन्यात मी एकच उलटा टाकला आहे.